गाळलेली ओळ

ही २०२२ सालची गोष्ट. करोनाची दोन वर्षं घरात काढलेली मुलं तेव्हा कुठे कॉलेजच्या बाकांवर येऊन बसली होती. सरोजबाई विद्यानगरच्या घरून चालत विद्यापीठात जात. गणित शिकवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. त्या साली पहिल्या वर्षाला सिद्धता शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं. एखादी गोष्ट खरी आहे असं नुसतं म्हणायचं नाही, पायरी पायरीनं पटवून द्यायचं, असा तो विषय.

वर्गात त्रिवेणी नावाची मुलगी होती. तिचे वडील हणमंतराव मूळचे बीदरकडचे शेतकरी, आता नारायणगुड्यात मोटारपंपांचं दुकान चालवीत. प्रवेशाच्या दिवशीच ते सरोजबाईंना म्हणाले होते, "माझी आई हिच्या लग्नाचं घेऊन बसलीय, मॅडम. सगळे विषय सुटले तर मी शिकवतो. एक जरी राहिला, तर घरात माझं कुणी ऐकायचं नाही."

सप्टेंबरच्या चाचणीत दोनाचं वर्गमूळ अपूर्णांकात मांडता येत नाही, हे सिद्ध करायचं होतं. बावन्न पेपरांत दोन शब्दाला शब्द सारखे निघाले, त्रिवेणीचा आणि शिवराजचा. अपूर्णांक आधीच अतिसंक्षिप्त रूपात आहे, या ओळीवर ती सगळी सिद्धता उभी असते. नेमकी तीच ओळ दोघांनीही गाळली होती. सरोजबाईंनी विभागप्रमुख केशवरावांकडे अहवाल दिला. नक्कल झाली आहे, असं लिहून खाली सही केली.

केशवरावांनी दोघांना खोलीत बोलावलं. सरोजबाईही होत्या.

"सर, मी हिच्या मागं चार बाक सोडून बसतो," शिवराज म्हणाला. "एवढं लांबचं दिसत असतं तर मी इथं कशाला येतो, विमान चालवलं असतं."

"मस्करी नक्को. मग सारखं आलं कसं?"

"आम्ही दोघं एकाच ज्युनिअर कॉलेजातले, सर. तिथं सर सांगायचे, आम्ही दहा-दहा वेळा लिहायचो. बट्टी मारायची, पाठ करून टाकायचं, बस. ही तर झोपेतसुद्धा म्हणून दाखवेल."

त्रिवेणी इतका वेळ खाली बघत होती. तिनं मान वर केली. "मॅडम, नक्कल केली तर उत्तरं सारखी येतात, हे खरं. पण सारखी आली म्हणजे नक्कलच केली, असं कुठे होतं? उलटं विधान वेगळं सिद्ध करावं लागतं ना?"

त्या वर्गात कुणी पाठ न करता, स्वतः विचार करून मांडलेला तो पहिला युक्तिवाद. सरोजबाईंना तो ऐकता ऐकताच पटला.

"काय म्हणता, सरोजताई?" केशवरावांनी विचारलं.

एकतीस वर्षांत सरोजबाईंच्या सहीचा कागद कधी मागे घ्यावा लागला नव्हता.

"मी लिहिलं ते विचार करूनच लिहिलंय," त्या म्हणाल्या.

दोघांचा विषय रद्द झाला. आठ दिवसांनी सरोजबाईंनी त्या ज्युनिअर कॉलेजच्या एका मुलीकडून जुनी वही मिळवली. सिद्धता तशीच होती आणि ती ओळ तिथंही नव्हती. वही घेऊन त्या केशवरावांकडे गेल्या.

"ऑर्डर निघाली, ताई," त्यांनी वही न उघडताच परत सरकवली. "आता काही बोलणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आधी तुम्हालाच विचारतील."

सरोजबाई वही पर्समध्ये घालून घरी आल्या. आणखी कुणाकडे गेल्या नाहीत.

केशवराव पुढं निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले. शिवराज सिकंदराबादला रेल्वेत लागला. ती परीक्षाही त्यानं बट्टी मारूनच दिली, आणि बाई भेटल्या की तो वाकून नमस्कार करतो. हणमंतराव त्रिवेणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन स्वतः विद्यानगरला आले होते. सरोजबाई लग्नाला गेल्या नाहीत. त्रिवेणी उदगीरला सासरी असते, पदरात एक मुलगी आहे. त्रिवेणीचं शिक्षण त्या रद्द झालेल्या विषयापाशीच थांबलं.

सरोजबाईंनी गेल्या वर्षी शिकवणं सोडलं. आपली चूक कबूल करणारी दोन पत्रं त्यांनी उदगीरला पाठवली. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसरं न फोडता परत आलं.