झेंड्याची गाठ

"अबे, दोन शब्द बोलायले तुयं काय जाते?" सरपंच भाऊराव खुर्चीतून पुढे सरकत म्हणाले. "म्हण, घरी खायले नव्हतं म्हून फौजेत गेलो. शेषराव मोठ्या मनाचा माणूस हाये. झालं गेलं सोडून देईन."

इंद्रभान झेंड्याच्या खांबाची कप्पी मांडीवर घेऊन तिला तेल देत होता. त्याने मान वर केली नाही.

"खायले होतं, साहेब. सात एकर ओलीत होतं. माय दोन वक्त भाकर वाढे."

भाऊरावांनी कपाळाला हात लावला. आता या माणसाला काय म्हणावं?

दिवस होता चौदा ऑगस्ट, साल बहात्तर. उद्या स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं पुरी होणार म्हणून डोणगावच्या ग्रामपंचायतीत झेंडा शेषरावच्या हातून फडकायचा होता. शेषराव बेचाळीसला तुरुंगात गेलेला. इंद्रभान पंचायतीचा शिपाई. दरवर्षी झेंडा बांधायचा तो त्यानेच. आत फुलं घालून अशी घडी करी नि अशी गाठ मारी, की वाऱ्याने सुटू नये आणि एका झटक्यात उलगडावी. वर्षभर पाणी भरणाऱ्या, नोटिसा वाटणाऱ्या या माणसाची तेवढीच एक मिरवायची गोष्ट होती. पण गाठ शिकला तो इंग्रजांच्या फौजेत. शेषरावने सकाळीच निरोप धाडला होता, "ज्या हातानं इंग्रजाले सलाम ठोकला, त्या हातानं बांधलेला झेंडा मी फडकवणार नाही."

राग यावा, तर तोही इंद्रभानला धड येईना. शेषराव काही उगाच बोलत नव्हता. तो आत असताना त्याची माय गेली आणि तिला खांदा द्यायलाही त्याला सोडलं नाही. दोघं एका तालमीतले. बेचाळीसच्या ऑगस्टात शेषराव त्याला म्हणाला होता, चल माझ्यासंगं. इंद्रभान गेला तो मेहकरच्या बाजारात, भरतीच्या साहेबासमोर. सारा मुलूख इंग्रजांवर उठलेला, भरती होणाऱ्यांच्या नावानं लोक थुंकत होते, आणि याने आपणहून हात वर केला. का? तर मोटार चालवायला शिकायचं होतं. बस, एवढंच. शिकलाही. मग दोन वर्षं ब्रह्मदेशात त्याने मोटारीतून घायाळ माणसं वाहिली. आपण चुकलो का, हे त्याने स्वतःला पुष्कळदा विचारलं होतं. कधी वाटे, चुकलोच. कधी मागे कण्हणारी माणसं आठवत आणि तसं म्हणवत नसे.

"भुकेपायी फौजेत गेला तो कडूबा," तो आता भाऊरावांना म्हणाला. "त्याच्या घरी दाणा नव्हता. मीच त्याले म्हटलं होतं, चाल. तो तिकडंच राह्यला. मेल्या माणसाचं कारण मी माह्यं म्हून कसं सांगू?"

भाऊराव खुर्चीत मागे सरकले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बरं, मग ग्रामसेवकाले शिकव गाठ."

दुपारी तो घरी जेवायला गेला. केसरबाईने सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "उलटी शिकवा. उद्या झेंडा अडकला म्हंजे झक मारत बोलावतीन तुमाले."

खोटं कशाला सांगा, बायकोचं बोलणं त्याला गोड लागलं. पंचायतीपर्यंतच्या सगळ्या वाटेत त्याला तेच दिसत होतं. शेषराव दोरी ओढून राह्यला, झेंडा हलत नाही आणि सारं गाव इंद्रभानला शोधून राह्यलं.

ग्रामसेवक तरुण पोरगा होता. पहिल्याच खेपेला त्याने आपल्या मनाने गाठ मारली आणि ती साफ चुकली.

"बरोबर आहे ना, काका?"

नुसतं 'हाव' म्हणायचं होतं. इंद्रभानने ती गाठ बोटांनी चाचपली.

"नाही," तो म्हणाला. "सोडा. पुन्हा बांधा."

सात वेळा बांधून घेतली तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

सकाळी तो फाटकाबाहेर, लोकांच्या चपला पडल्या होत्या तिथे उभा राहिला. शेषरावने दोरीला झटका दिला. झेंडा क्षणभर तसाच राहिला. मग तो उलगडला आणि तगरीची पांढरी फुलं शेषरावच्या टोपीवर पडली. टाळ्या झाल्या. भाऊरावांनी ग्रामसेवकाची पाठ थोपटली. इंद्रभानचा हात कपाळाशी गेला होता, फौजेत शिकवला तसाच. दुसरी रीत त्याला येत नव्हती. शेषरावने ते पाहिलं आणि नजर फिरवली.

बांधायची मनाई होती, पण उतरवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ग्रामसेवक दुपारच्या मोटारीने गावी निघून गेला. दिवस मावळायला आला तेव्हा इंद्रभानने चपला बाहेर काढल्या, आत गेला आणि दोरी सैल केली. वारा होता. कापड जमिनीकडे झुकलं, तेवढ्यात कुणीतरी त्याचं दुसरं टोक धरलं. शेषराव होता.

"गाठ तुयीच होती," शेषराव म्हणाला.

"ग्रामसेवकानं बांधली."

"मले नको सांगू." दोघांनी टोकं जुळवली. "भाऊराव सांगत होते. एक शब्द बोलला असता त मी मानलं असतं. काऊन नाही बोलला?"

"खोटं होतं."

शेषरावने घडीवरून हात फिरवला. "मी तुले माफ नाही केलं, इंद्रभान."

"मी मागितली नाही."

"हाव." झेंड्याची घडी त्याने इंद्रभानच्या हातात दिली. खांबाखाली सकाळची फुलं सुकून पडली होती. "फुलं कोणाची हायेत?"

"कडूबाच्या मायनं देल्ली. दरसाल तीच देते."

शेषरावने डोक्यावरची टोपी काढली. मग तो खाली बसला आणि एकेक फूल टोपीत वेचू लागला.