एक पाटी आंबट, एक पाटी खार

पेठच्याही पुढे, जिथून एसटीसुद्धा दम खाऊन माघारी फिरते, तिथल्या एका पाड्यावर केरूवर विश्वास ठेवणाऱ्याला दंड होता. संध्याकाळी आंब्याखाली बैठक जमायची. केरू सांगायचा, की भर पावसात वाघ दाराशी आला आणि "मामा, इरलं द्या," म्हणाला. दिलं, तर दिवाळीला वाळवून परत आणून ठेवलं. ऐकता ऐकता ज्याच्या तोंडून "खरं?" निघेल, त्यानं तंबाखू मळून केरूच्या हातावर ठेवायची. पाड्यातली पोरं चालायला शिकायच्या आधी केरूचं खरं मानायचं नाही, हे शिकत. केरूला याचा लय अभिमान.

त्याची नात सविता मात्र थाप नव्हती. आईविना पोर, आजाच्या अंगाखांद्यावर वाढलेली. वाढलेली म्हणायचं आपलं. नऊ वर्षांची पोर पाचाची दिसे. पाय धनुकलीसारखे वाकलेले, सारखी तहान, सारख्या उलट्या. एखाद्या सकाळी तर हातपाय ओल्या फडक्यासारखे पडून राहत. भगत झाला, अंगारा झाला. शेवटी २००१च्या उन्हाळ्यात केरूनं तिला पाठुंगळी मारलं आणि नाशिक गाठलं.

तिथं रक्त-लघवी तपासून एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवलं.

"आजोबा, खाल्लेलं पचलं की अंगात आम्ल तयार होतं. आंबट म्हणा. मूत्रपिंडात केसाहून बारीक नळ्या असतात. त्यांच्या भिंतीतल्या पेशी हे आंबट लघवीत ढकलतात. आणि पेशीच्या पुढच्या दारानं जेवढं आंबट बाहेर, तेवढाच खार मागच्या दारानं रक्तात. एक पाटी बाहेर, एक पाटी आत. सविताचं पुढचं दार जन्मापासून अडकलंय."

"मंग मागलंबी बंद?"

"बंद. रक्त आंबट होत जातं. ते मारायला शरीर हाडांतला चुना काढतं. म्हणून पाय वाकले."

केरूनं जन्मभर थापा मारल्या, पण हाडातून चुना काढणारी थाप त्याला कधी सुचली नव्हती. आणि बाईंच्या तोंडावर तर थापेची रेघ नव्हती.

"ताई," तो म्हणाला, "तंबाखू मळून देऊ?"

"मी खात नाही, आजोबा. तुम्हीही सोडा. हिला रोज हा खायचा सोडा पाण्यातून, मापानं. आणि हे बाटलीतलं औषध, त्यानं हातापायांत बळ राहतं."

"किती दिस?"

"जन्मभर. बंद केलंत, तर एखाद्या सकाळी श्वास ओढायलाही बळ उरणार नाही."

केरूनं बंद केलं नाही. पोरीच्या उलट्या थांबल्या, गालांवर मांस आलं, दीड वर्षात ती वीतभर वाढली. बकऱ्यांमागं पळू लागली.

मग भात झोडून झालं आणि केरूला दिंडोरीकडं द्राक्षबागांच्या कामाला जायची वेळ आली. पोर शाळेत रमलेली, म्हणून बहिणीकडं ठेवायची ठरली. बयाबाईचा पोरीवर जीव. केरूनं तिला सोडा दिला, बाटली दिली आणि समजावायला बसला. इथंच घात झाला. डॉक्टरीणबाईंची गोष्ट त्याला जरा उघडीबोडकी वाटली. त्यानं त्या गोष्टीला कपडे चढवले.

"बये, हिच्या पोटात बारीक बारीक हमाल हायेत. लाल पागोटीवाले. आंबटाची पाटी भाईर टाकत्यात, खाराची आत. पर दार झालंय जाम, हमाल बसल्यात बिड्या फुंकीत. सोडा गेला की उठत्यात."

बयाबाई पोट धरून हसली. "दादा, म्या नाय तंबाखू मळायची."

"बये, हे खरं हाय. तुझी आन."

"आन तर वाघाच्या टायमालाबी घेतली व्हतीस."

"हमाल ऱ्हाऊ दे. सोडा दे म्हंजे झालं."

"जा तू, गाडी चुकंल."

तिनं पोरीकडं पाहिलं. पोर टुणटुणीत. डाळ शिजेना तर चिमूटभर सोडा पडतो. तोच रोज पोटात गेला तर पोरीची आतडी शिजायची. बाटलीतलंही तसंच खारट. तिनं दोन्ही फळीवर सारलं आणि पोरीला मायेनं नागलीची आंबील पाजत राहिली. उलट्या सुरू झाल्या, तेव्हा आंबील अजून पातळ केली. पौषातल्या एका सकाळी सविताला मान उचलेना. दुपारी निरोप बागेत पोचला. केरूला पेठच्या नाक्यावर पोरीला नाशिकला नेणारी जीप गाठ पडली, तेव्हा पोर बयाबाईच्या मांडीवर होती. डोळे उघडे. छाती हलत नव्हती.

मातीचं उरकून माणसं आंब्याखाली बसली. केरूही येऊन बसला. कुणी विचारलं नव्हतं, तरी तो सांगू लागला. बारीक नळ्या असत्यात. आंबट भाईर जातं, खार आत येतो. हिचं दार अडकलं व्हतं. सोडा लागायचा, औषध लागायचं. रोज. पागोटी नव्हती, बिड्या नव्हत्या. एवढी आखूड गोष्ट त्यानं आयुष्यात सांगितली नव्हती.



बायकांतून बयाबाई उठली. कनवटीची तंबाखू काढली, तिला चुना लावला आणि भावासमोर उभ्याउभ्या मळत राहिली. खूप वेळ मळली. मग वाकून त्याच्या हातावर ठेवली.

केरूनं मूठ मिटली. तोंडात काही टाकलं नाही.