शेजारच्या सीटखाली

व्हॅनमधली ड्रायव्हरशेजारची सीट मागे उलटवून त्याने तिच्याखालच्या इंजिनच्या खड्ड्यात डोकं घातलं आणि एक हात वर करून खूण केली.

"आता पाय काढ."

ड्रायव्हरच्या जागेवर बसलेल्या बायकोने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. इंजिनाने आचके दिले, अख्खी व्हॅन गदगदली, मागे बांधलेल्या फळ्या एकमेकींवर खडखडल्या आणि सगळं गप्प झालं.

"पुन्हा लाव."

तो सुतार होता. दारं-चौकटी वाहून वाहून व्हॅनची पाठ वाकली होती, तरी धावताना तिची काही तक्रार नसे. उभी राहिली की मात्र ती मान टाकायची. परवा पुलावरच्या गर्दीत बंद पडली, तेव्हा मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून आभाळ डोक्यावर घेतलं होतं. हॉस्पिटल त्याच पुलापलीकडे. डॉक्टरीणबाईंनी दिलेली बाळंतपणाची तारीख अजून लांब होती, पण त्याची झोप आधीच उडाली होती. गॅरेजवाल्याने प्लग बदलून हात झटकले होते. "वय झालंय गाडीचं. आता अशीच कुरकुरणार."

"भाड्याची गाडी सांगून ठेवूया का?" सकाळी बायकोने विचारलं होतं.

"दारात गाडी असताना?" एवढंच म्हणून तो पाने-पकडी काढायला गेला होता.

आता त्याने पक्कड घेऊन प्लगच्या वायरी एकेक करून काढून बघितल्या. प्रत्येक वायर काढली की इंजिन आणखी लंगडायचं. म्हणजे ठिणगी सगळीकडे पोचत होती. हवेचा फिल्टर झटकला, पुन्हा बसवला. फरक शून्य.

"थोडी रेस दे."

काहीच झालं नाही. इंजिन विझायला आलं.

"अगं, रेस! लक्ष कुठे आहे तुझं?"

"देते, देते."

खालून त्याला तिचा फक्त पाय दिसत होता. घोट्याशी सुजलेला, आणि बोटं चपलेत घट्ट आवळलेली. पाय एकदम खाली गेला, इंजिन किंचाळलं.

"एवढी नको! हळू."

"चुकलं."

तिचं असं चुकत नसे. त्याला वाटलं, कंटाळली असेल. तेवढ्यात शेजारच्या काकूंचा आवाज आला. "अरे, केवढा हा धूर! वाळत घातलेले कपडे काळे झाले माझे!" बोलत बोलतच त्या तिच्या खिडकीशी आल्या. पुढचं इंजिनच्या खडखडाटात त्याला ऐकू आलं नाही. डोकं वर काढलं तोवर काकू पाठ फिरवून लगबगीने निघालेल्या. काकूंनी भांडण अर्ध्यावर टाकलं, याचं त्याला नवल वाटलं, पण नवल करायला वेळ कुठे होता?

त्याने हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनाभोवती फिरवत राहिला. टकटक, खडखड, आणि मग मागच्या बाजूला, हात जेमतेम पोचेल अशा जागी, एक बारीक सूं. त्याने श्वास रोखला. बोटांनी चाचपत तो जाड रबरी पाइपापर्यंत पोचला आणि पाइपाचं टोक चिमटीत दाबलं.

इंजिन एकसारखं, शांत चालू लागलं. सोडलं की थरथर, दाबलं की शांत.

"सापडलं!" तो ओरडला. "चीर आहे इथे. हवा खातंय ते. बंद कर, बंद कर!"

चिरलेलं टोक त्याने सुरीने कापून टाकलं, उरलेला पाइप ओढून पुन्हा तोटीवर चढवला, क्लिप आवळली. घाईत बोट सोललं, तिकडे बघितलंही नाही.

"लाव. आणि पाय काढ."

व्हॅन सुरू झाली, आणि सुरूच राहिली. फळ्यांचा आवाजसुद्धा नाही. तो काळ्या तोंडाने हसत वर आला आणि किल्लीकडे हात नेला.

तिने त्याचं मनगट धरलं.

"बंद नको करूस."

"अगं, झालं काम. उगाच गरम होईल."

"नको म्हणते ना."

तेव्हा कुठे त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. केस कपाळाला चिकटले होते, ओठ पांढरे पडले होते. तिच्या खांद्यावरून पलीकडे त्याला काकू दिसल्या. त्यांच्या काखेत बायकोची बॅग होती आणि त्या त्याच्याच घराला कुलूप घालत होत्या.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तू सीट उलटवलीस, त्याच्या जरा आधी."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुझ्या हातात पाना राहिला असता का?" ती हसायला गेली, पण मधेच डोळे मिटून तिने मान मागे टेकली. मनगटावरची तिची पकड आवळत गेली. तो हललाही नाही. हळूहळू तिची बोटं सैल झाली.

त्याने सीट खाली पाडली, तिला अलगद इकडे सरकवलं. काकूंनी मागचा दरवाजा ओढला, फळ्या बाजूला सारल्या आणि बॅग मांडीवर घेऊन अंग चोरून बसल्या.

"चल रे बाबा. चालेल ना ही?"

"चालेल, काकू," तो म्हणाला, आणि माखलेले हात शर्टाला पुसत पलीकडच्या दाराकडे धावला.