सूर्याची बदली

"सूर्य हा जुन्या वळणाचा सरकारी नोकर आहे. कुणाच्या सांगण्यावरून तो दिशा बदलत नाही!" परदेशी, पामर्स्टन नॉर्थला मुलाच्या नव्या घरात पाऊल टाकताच रावसाहेबांनी जाहीर केलं.

"पण नोकराची बदली होते ना?" त्यांच्या पत्नी उर्मिलाबाई चपला काढत म्हणाल्या.

महिना जूनचा, म्हणजे तिथला ऐन हिवाळा. रिकाम्या खोल्या दोन, एक उत्तरेची, एक दक्षिणेची. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या रावसाहेबांनी ट्रंक दक्षिणेच्या खोलीत ढकलली.

"बाबा, इथे ऊन उत्तरेकडून येतं. आपण विषुववृत्ताच्या खाली आहोत," अभिनव म्हणाला.

"सूर्य एकच आहे ना? हिवाळ्यात तो दक्षिणेलाच कलतो. मी त्याच हिशोबावर विश्रामगृहं बांधलीत!"

"मी आपली उत्तरेला जाते. घोरणं तरी ऐकू येणार नाही," म्हणत उर्मिलाबाई गेल्यासुद्धा.

त्यांच्या खोलीत मोठ्या काचेतून ऊन थेट काँक्रीटच्या जमिनीवर पडे. जमीन ते दिवसभर पिऊन घेई आणि रात्री सावकाश परत करी. बाईंनी तिच्यावर उडदाचे पापड वाळत घातले.

इकडे रावसाहेब माकडटोपी, दोन शाली आणि तत्त्व पांघरून बसले. ऊब जाऊ नये म्हणून खिडक्या बंद, खुर्चीवर ओले बनियन. सकाळी काचेवरून पाण्याचे ओघळ!

"बघ! उकाड्याने काचेला घाम फुटलाय."

"तो तुमचा श्वास आहे, बाबा. आणि बनियन. दमट हवा गार काचेला लागली की तिचं पाणी होतं. भिंतीला बुरशी धरेल. थोडी खिडकी उघडा."

"उघडली तर खोली गार पडेल!"

"आत्ता काय आहे?"

रावसाहेबांना पायाची बोटं जाणवेनाशी झाली होती. पण दक्षिण सोडायची म्हणजे सबंध नोकरी चुकली म्हणायची.

दुपारी ते उत्तरेच्या खोलीच्या दारात उभे राहिले. "पाहणीला आलोय," म्हणाले. मोजा काढला, पापडांच्या मधल्या जागेत एक पाऊल टेकवलं आणि डोळे मिटले.

"काय शेरा मारताय, साहेब?" लाटणं न थांबवता बाईंनी विचारलं.

रावसाहेबांनी घसा खाकरला.

"तेवढे दोन पापड सरकव ना. दुसरा पाय ठेवायचाय."