मारोतरावांच्या फेट्यातला कोंडा

बेसा गावचे मारोतराव मुलासाठी मुली पाहत नसत, चाळत असत. एकीचं नाक, दुसरीची चाल, तिसरीच्या घरची विहीर, काही ना काही त्यांच्या चाळणीत अडकायचंच. आज ते बैलांची दमणी जुंपून सक्करदऱ्याला रुपरावांच्या घरी आले होते, आणि रुपरावांच्या देवकीला काहीही करून त्यांची सून व्हायचं होतं. त्यांचा वामन मागच्या उन्हाळ्यात तलावावर बैल धूत होता. देवकीकडे पाहता पाहता तो स्वतःच बुडाला, आणि त्याला बैलानं बाहेर काढलं. असा नवरा पुन्हा मिळत नाही, हे तिला तिथंच कळलं होतं.

"पोरीच्या हातची लांब रोटी खाईन," मारोतराव म्हणाले. "रोटी फाटली का सोयरीक फाटली." एवढं बोलून त्यांनी फेटा खुंटीला लावला आणि ओसरीवर घोरायला लागले.

लांब रोटीची कणीक सैल. ती हातावर झुलवत कोपरापर्यंत ताणायची आणि उपड्या मडक्यावर टाकायची. पिठात कोंड्याचा कण राहिला की तिथंच भोक. तारेच्या चाळणीतून बारीक कोंडा निसटतो, म्हणून पीठ मलमलीतून चाळायचं. घरात मलमलीचं फडकं होतं. पण त्यातून रुपरावांनी आदल्या दिवशी तपकीर चाळली होती.

"बाबा, काहून जी?" देवकी रडकुंडीला आली.

"मले काय मालूम, हा माणूस रोटी मागन म्हणून?" रुपराव म्हणाले आणि शिंकले.

"धुतलं तरी पाहुणा शिंकत शिंकतच बेशाले जाईन गा दादा," रुपरावांची बहीण रंभाबाई म्हणाली.

मग सगळ्यांची नजर खुंटीकडे गेली. फेटा मलमलीचाच होता, आणि चांगला होता.

"नाही वं, असं कराव नाही," रंभाबाई म्हणाली आणि फेटा काढून आणला.

त्याचा पदर पितळी गंजाच्या तोंडावर ताणून बांधला. देवकी वरून पीठ टाकून तळहात गोल फिरवू लागली. खाली पडत होतं ते पीठ नव्हतं, धुकं होतं. कोंडा वर राहत होता. पीठ पुरेसं झालं आणि ओसरीवरचं घोरणं थांबलं. रुपरावांनी फेटा ओढला, स्वतःच्या गुडघ्यावर गुंडाळला आणि खुंटीला नेऊन लावला. झटकायला सवड कुठली? कोंडा घड्यांतच राहिला.

देवकीची रोटी कोपरापर्यंत आली, कोपराच्या पुढे गेली, पण फाटली नाही. मारोतरावांनी ती उजेडात धरली, तर पलीकडचे रुपराव मिशांसकट दिसले. आमरसासोबत त्यांनी टोपलं रिकामं केलं, हात धुतले आणि मान हलवली.

"चांगली हाय. पण लईच पातळ. खाल्ली का नाही, ध्यानातच राहत नाही. नाही जमत, रुपराव."

चुलीपाशी देवकीचा हात कणकेतच राहिला.

फेटा चढवून मारोतराव अंगणात उतरले आणि जोडे घालायला वाकले. शेजारी रुपरावांची कपिला गाय बांधलेली. तिनं फेटा हुंगला आणि लांब जीभ काढून माथ्यापासून मानेपर्यंत चाटला. मग पुन्हा चाटला.

मारोतरावांनी वाकल्या वाकल्याच डोळे मिटले. "रुपराव... गोमाता आशीर्वाद देऊन राहिली!"

"हो न जी. ती कोणाले चाटत नाही. मले तर लाथ मारते," रुपराव म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

कपिलेनं आता फेट्याचा पदर तोंडात धरला.

"सोडून नाही राहिली गा!"

"जाऊ नका म्हणते जी," रंभाबाई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली.

मारोतरावांनी हात जोडले. "माये, तुह्या शब्दाबाहेर नाही. पोरगी पसंत!"

कपिलेनं पदर सोडला. कोंडा संपला होता.

दाराआडून सगळं पाहत असलेली देवकी बाहेर येऊन पाया पडली. "पोरी, काही विचाराचं हाय का?" मारोतरावांनी प्रेमानं विचारलं. अशा वेळी पोरींनी मान खाली घालून नाही म्हणायचं असतं.

देवकीनं मान खाली घातली. "मामाजी, तुमच्या घरी गाई हायेत न जी?"

"गोठा भरून हायेत. काहून?"

"काही नाही," देवकी म्हणाली. "मंग जमन माह्यं."