कमी व्होल्टची रॅम

हातात पेचकस धरता येणाऱ्या कुठल्याही माणसाला कैरोत बाशमोहंदिस म्हणतात, म्हणजे बडे इंजिनिअर. त्यामुळे बाब अल-लूकच्या बाजारात इंजिनिअरांचा नुसता सुळसुळाट, आणि धड दुरुस्त झालेलं यंत्र मात्र शोधून सापडत नाही. शाहिनाझला हे पक्कं ठाऊक होतं. तरी तिचा मोठा भाऊ वजीह तिला हिल्मीच्या पहिल्या मजल्यावरच्या दुकानात घेऊन आला, कारण हिल्मी म्हणे घरचाच. घरचा म्हणजे वजीहच्या बायकोच्या मावशीचा शेजारी.

शाहिनाझ घरी बसून फर्निचरची ड्रॉइंग करायची. दमिएत्ताच्या एका कारखान्याने तिला पहिलंच मोठं काम दिलं होतं. उद्या दुपारपर्यंत ड्रॉइंग गेली नाहीत तर काम दुसऱ्याला. आणि तिचा दहा वर्षांचा लॅपटॉप एवढी मोठी फाइल उघडली की गपगार व्हायचा.

हिल्मीने चहा मागवला, वजीहच्या पोराबाळांची चौकशी केली, लॅपटॉप उघडून जुनी रॅम काढली आणि डब्यातून जास्त जीबीची दुसरी उचलली. शाहिनाझने लेबल वाचलं.

"ही दीड व्होल्टची आहे. माझ्या लॅपटॉपला कमी व्होल्टची लागते. लेबलवर एल हवा."

"बाईसाहेब, खाचेत बसली की झालं. एल म्हणजे कंपन्यांची नाटकं."

वजीहने तिच्या पायावर पाय दिला. ओळखीच्या माणसाचा माल तपासायचा नसतो, त्याचा अपमान होतो. या भिडेपायी वजीहच्या घरात न फिरणारे दोन पंखे आणि गळका फ्रीज होता, आणि त्यांचंही तो कौतुक करायचा.

रॅम बसली. लॅपटॉप काही सुरू होईना. हिल्मीने मयताला आल्यासारखा चेहरा केला.

"बोर्ड गेला. वय झालं होतं बिचाऱ्याचं. तुम्ही घरचे म्हणून सांगतो, ठेवून जा इथेच, सुटे भाग तरी कामी येतील."

"बरोबर बोलतोय तो," वजीह म्हणाला. शाहिनाझला भावाची अक्षरशः किळस आली.

"जुनी रॅम परत लावा."

"कशाला उगाच..."

"लावा म्हणते ना."

लावली, आणि पडदा उजळला. हिल्मीला लाज वाटली नाही. "देवाची कृपा," असं तो म्हणाला, जणू त्यानेच मेलेल्याला उठवलं होतं.

"आता एलवाली काढा."

ती खालच्याच खणात होती. बसवल्यावर फाइल उघडली, आणि कपाटाचं ड्रॉइंग न अडखळता सर्व बाजूंनी फिरलं. तेवढ्यात वजीह उठला आणि माफीदाखल त्याने हिल्मीच्या डोक्याचा मुका घेतला.

"मनावर घेऊ नकोस, बाशमोहंदिस. हिची जीभ लहानपणापासून अशीच."

शाहिनाझच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने शांतपणे किंमत विचारली. हिल्मीने छातीवर हात ठेवला.

"राहू द्या हो, आमच्याकडून समजा."

असं प्रत्येक दुकानदार म्हणतो. गिऱ्हाइकाने तीनदा नाही म्हणायचं, मग तो खरा आकडा सांगतो.

"देव तुमचं भलं करो," शाहिनाझ म्हणाली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि जिना उतरू लागली. वजीह धापा टाकत मागे आला.

"अगं, रीत म्हणून म्हणाला तो."

"मग जा, तीनदा नाही म्हण आणि दे."

तो परत वर गेला. तिने टॅक्सीला हात केला, आणि गाडी हलायच्या आत मांडीवर लॅपटॉप उघडून कामाला लागली.