कोरी नळी

या, जरा जवळ सरकून बसा, मायबाप. गोष्ट नळीभर पाण्याची आहे, पण मन लावून ऐका.

सासूबाईंनी तलावाच्या काठावर बसून काचेची नळी पाण्यात बुडवली, तपासणीची गोळी टाकली आणि झाकण लावून हलवली. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी व्हायला हवं. ते कोरंच राहिलं.

"आजही नाहीच," त्या पुटपुटल्या आणि क्लोरीनच्या डब्याकडे वळल्या.

घरामागचा हा पोहण्याचा तलाव म्हणजे सासऱ्यांचा जीव की प्राण. ते गेल्यापासून त्याची निगा सासूबाईंनी अंगावर घेतली होती. ते गेले त्या दिवशीही डोळ्यांतून टिपूस न काढलेली ही बाई रोज सकाळी नळी हलवायची आणि रंग दिसला नाही की आणखी पावडर ओतायची.

"आई, पोरीचे डोळे बघ, पोहून पोहून टोमॅटो झालेत नुसते," मुलगा दारातून म्हणाला. "तुला नाही झेपत हे. बुजवून टाकू. दुपारी माणूस येतोय माप घ्यायला."

"माझ्या हातून पाणी नासलं, असं म्हणतील ते."

"कोण म्हणेल?"

सासूबाईंनी पावडरीचं माप शिगोशीग भरलं.

सुनेने तो हात अलगद धरला. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती.

"आई, गोळी टाकल्या टाकल्या काही दिसलं का?"

"क्षणभर गुलाबी झाल्यासारखं वाटलं गं. मग गेलं. म्हातारीच्या डोळ्यांचं काय खरं!"

"डोळे चांगले आहेत तुमचे. थांबा."

तिने दुसऱ्या नळीत तलावाचं थोडंसं पाणी घेतलं, वर प्यायचं पाणी भरलं आणि गोळी टाकली. नळी गडद गुलाबी झाली.

"क्लोरीन फार झालं की ते रंगच खाऊन टाकतं. मग नळी कोरी दिसते. आपल्याला वाटतं, आत काहीच नाही."

सासूबाई नळीकडे बघत राहिल्या.

"एवढं होतं आत?"

"एवढं होतं."

"आणि मी मेली रोज ओततेय वरून!" त्या हसल्या. हसता हसता हसू कुठेतरी अडलं, खांदे हलायला लागले, आणि मग ते थांबेचनात.

मुलगा चपला काढून ओल्या काठावर त्यांना खेटून बसला. बऱ्याच वेळाने त्याने बायकोला हळूच विचारलं, "आता यात काय घालायचं?"

"काही नाही. वरचं आच्छादन काढून ठेवायचं. ऊन लागलं की कमी होईल हळूहळू. तोवर पोहायचं नाही कोणी."

त्याने खिशातून फोन काढला. दुसरा हात आईच्या पाठीवर होता.

"हां, दुपारी येऊ नका. नाही नाही, दुसरा कोणी नाही बघितला. तलाव आमची आई बघते."

मायबाप, तुमच्याही घरात असेल कोणी, कशी आहेस विचारलं की "मला काय धाड भरलीय" म्हणणारं. आज हात जोडाल तेव्हा त्या माणसाची आठवण ठेवा.